न मिळाल्यास कारण

म्हमाणे निवृत्त झाला तेव्हा विद्यापीठातल्या लोकांनी त्याच्यावर एक लहानसा गौरव अंक काढायचं ठरवलं होतं. माझ्याकडेही लेख मागितला. "इतक्या वर्षांचा संबंध तुमचा, वाघमोडे. पानभर काहीतरी गोड लिहा," असं फोनवर सांगणं आलं. मी म्हणालो, गोड पाहिजे असेल तर मिठाईवाल्याकडे जा, मी पुस्तकवाला आहे. पुढे तो अंक निघालाच नाही. लेख जमले नाहीत म्हणे. ज्या प्राध्यापकांचं निम्मं संशोधन या माणसाच्या टेबलावरून गेलं, त्यांच्या हातून त्याच्यावर एक पान निघालं नाही. मग म्हटलं, आता आपण लिहू. गोड नाही लिहिणार.

तोंडावर मी त्याला साहेब म्हणत आलो, अहो-जाहो करत आलो. विक्रेत्याला ते करावंच लागतं. इथे विकायचं काही नाही, म्हणून इथे तो नुसता म्हमाणे.

मूळचा कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीचा. घरात कन्नड, कचेरीत मराठी, आणि दोन्ही मिळून बोलणं कमी. विद्यापीठाच्या ग्रंथालयात तो सहायक होता. ग्रंथपालाचं पद रिकामं झालं ते वर्षानुवर्षं रिकामंच राहिलं, आणि त्या रिकाम्या मोठ्या खुर्चीशेजारच्या साध्या खुर्चीत बसून म्हमाणे राज्य करत होता. मोठ्या खुर्चीत तो कधी बसला नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणायचा, "आदेश नाही."

बारीक अंग, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. निळं द्यायला, लाल नाकारायला. टेबलावर जांभळ्या शाईचा शिक्का. डब्यात रोज कडक भाकरी आणि शेंगाचटणी, तीही मोजून खाल्ल्यासारखी. आणि डोक्यावर बंद पंखा. सोलापूरचा मे महिना ज्यानं काढलाय त्यालाच या बंद पंख्याचा अर्थ कळेल. समोर बसलेल्या माणसाच्या मानेवरून घाम ओघळतोय, कॉलर ओली झालीय, आणि पंखा बंद. का, तर टेबलावरच्या चिठ्ठ्या उडतात.

"साहेब, चार पेपरवेट आणून देतो की. फुकट," मी एकदा म्हणालो.

"विक्रेत्याकडून काही घेत नाही."

"मग विकत घ्या."

"मागणी टाकलेली आहे."

"कधी?"

त्यानं उठून कपाटातली फाइल काढली आणि तारीख दाखवली. माझा थोरला मुलगा त्या तारखेनंतर जन्मला होता.

मी मंद्रूपचा. वडील बाजाराच्या दिवशी घोंगडी विकायला अंथरून बसायचे आणि मी त्यांच्या शेजारी. शाळेत शिकलो त्यापेक्षा त्या घोंगड्यांवर जास्त शिकलो. सोलापुरात आलो तेव्हा एसटी स्टँडसमोर पोत्यावर जुनी गाइडं विकली, मग सायकलवर, मग गाळा घेतला. आजवर कुणी मला काही हातात आणून दिलेलं नाही. माझं डोकं लवकर तापतं हे खरं, पण भाव करताना मी थंड असतो. कुठल्याही प्राचार्याला, कुठल्याही संस्थाचालकाला मी खुर्चीत बसवून चहा पाजून माझ्या आकड्यावर आणलेलं आहे.

एकटा म्हमाणे आला नाही. कारण तो भाव करायचाच नाही. मी सांगायचो, या खोक्यावर एवढी सूट. तो म्हणायचा, "इल्ल." नाही. एवढंच. मग खाली मान घालून दुसरं काम. मी जरा पुढे यायचो, त्याचं इल्ल. अजून पुढे, इल्ल. घासाघीस हे दोन माणसांचं काम आहे. एकट्यानंच केली तर ती भीक दिसते. त्या बंद पंख्याखाली मी कितीदा भिकाऱ्यासारखा दिसलो असेन कुणास ठाऊक. शेवटी नियमात जी सूट लिहिलेली असायची तेवढीच तो घ्यायचा. दमडी जास्त नाही, दमडी कमी नाही. बाहेर आल्यावर लक्षात यायचं की आपण आणखी देऊ केलेलं होतं आणि या माणसानं ते घेतलंही नाही. याचाच जास्त राग यायचा.

पुस्तक हातात घेतलं की मध्यावर उघडायचा, बांधणीच्या डिंकाचा वास घ्यायचा, मग शिक्का. तीन ठिकाणी: पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि मधल्या एका ठरलेल्या पानावर. शिक्का बसला की पुस्तक आलं. एकदा शाईचं पॅड वाळून गेलं होतं आणि नवं मिळायला बरेच दिवस लागले. माझी दोन खोकी त्याच्या टेबलाला टेकून पडलेली. मी पोच मागायला गेलो.

"पुस्तकं आलेली नाहीत," म्हमाणे म्हणाला.

"आलेली नाहीत? साहेब, तुमचं कोपर खोक्यावर हाय की!"

त्यानं कोपर उचललं, खोक्याकडे पाहिलं, परत ठेवलं. "शिक्का नाही. म्हणजे आलेली नाहीत."

दारातला लतीफभाई शिपाई तोंडावर रुमाल धरून हसत होता. मला मात्र त्या दिवशी तहसील, कोर्ट, रेल्वे सगळ्यांचा राग एका माणसात बसलेला दिसला.

मग जर्नलं कागदावरून पडद्यावर गेली. पुस्तकांच्या धंद्यातले आमचे बरेच भाऊबंद "हे चार दिवसांचं फॅड" म्हणत बसले. मी बसलो नाही. बंगळुरूच्या एका कंपनीची सोलापूरपुरती एजन्सी घेतली. हजारो जर्नलं एका डेटाबेसमध्ये, पाहिजे तो लेख शोधा, उघडा, उतरवून घ्या. मी इंग्रजी पोटापुरतं शिकलो, प्रोजेक्टर लावून बोलायला शिकलो आणि विद्यापीठाच्या ग्रंथालय समितीपुढे उभा राहिलो. "सर, मॅडम, घरी चहा पीत पीत जगातला कुठलाही लेख तुमच्यासमोर," असं सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोपऱ्यातून म्हमाणेनं विचारलं, "शिक्का कुठे मारायचा?"

सगळे हसले. तो हसला नाही. त्याला खरंच उत्तर पाहिजे होतं, हे मला नंतर कळलं.

डेटाबेस विद्यापीठानं घेतला. कुठल्याही प्राध्यापकाला स्वतः उघडता येईल अशी सोय होती. म्हमाणेनं काय करावं? जुनी सूचीपत्रं, म्हणजे पूर्वी लाकडी खणांतून पुस्तकं शोधायची ती जाड कार्डं, रद्दीत निघाली होती. त्यांच्या कोऱ्या पाठी त्यानं मागणीच्या चिठ्ठ्यांसाठी काढल्या. पट्टी धरून स्वतः रकाने आखले: नाव, विभाग, लेख, कशासाठी, विभागप्रमुखांची सही, दिल्याची तारीख. आणि सगळ्यात खाली एक रकाना: न मिळाल्यास कारण. ज्याला लेख पाहिजे त्यानं चिठ्ठी भरायची. म्हमाणे संगणकावर तो लेख शोधणार, छापणार, पहिल्या आणि शेवटच्या पानावर शिक्का मारणार, रजिस्टरात नोंदक्रमांक घालणार आणि मग देणार. डेटाबेसला त्यानं कुलूपबंद कपाट करून टाकलं. किल्ली अर्थातच त्याच्याकडे.

मला वाटलं, प्राध्यापक खवळतील. शिकलेली माणसं आहेत, अशी चिठ्ठीची रांग कशाला लावतील? पण ते खूश झाले. अर्थशास्त्राच्या डॉ. येमूल मॅडम, चादर आणि टॉवेलच्या धंद्यावर त्यांचं काम, मला कॉरिडॉरमध्ये म्हणाल्या, "वाघमोडे, फार छान केलंत हो. सकाळी चिठ्ठी पाठवली की चार वाजेपर्यंत लेख टेबलावर. आणि म्हमाणे शिक्का मारून देतात, त्यामुळे कुठला आपला, कुठला दुसऱ्याचा ते कळतं."

"मॅडम, तुम्ही स्वतः दोन मिनिटांत काढू शकता."

"हो का? पण मग छापणार कोण?"

मी हट्टाला पेटलो. प्रशिक्षण ठेवलं. कचोरी, चहा, खुर्च्या, सगळं माझ्या पदरचं. प्रत्येक प्राध्यापकाचं वेगळं खातं काढलं, प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड वेगळ्या लिफाफ्यात घातला. लिफाफे मिळाल्याच्या सह्या घेतल्या. चाळीस लिफाफे. माणसं कचोरी खाऊन उठली, आणि दाराशी म्हमाणे उभा होता. येमूल मॅडमनी लिफाफा त्याच्या हातात दिला. "माझ्याकडे हरवेल हो, म्हमाणे. तुमच्याकडेच असू द्या." त्यांच्या मागच्या सरांनी दिला. त्यांच्या मागच्यांनी दिला. हे मी तेव्हा पाहिलं नाही, फार नंतर लतीफभाईनं सांगितलं. मी आत प्रोजेक्टरच्या वायरी गुंडाळत होतो.

वर्षभरानं कंपनीकडून वापराचा अहवाल आला आणि मी तो दोनदा वाचला. चाळीसच्या चाळीस खाती चालू! कुठल्याही महिन्यात एकही नाव कोरं नाही. कंपनीच्या माणसानं मला फोन करून विचारलं की सोलापूरला तुम्ही नक्की काय केलंत, आम्हालाही सांगा. मी त्या अहवालाच्या झेरॉक्स काढल्या आणि गावातल्या कॉलेजांच्या पायऱ्या चढलो. "बघा साहेब, एक प्राध्यापक मागे नाही. माझा शब्द आहे." एका अभियांत्रिकी कॉलेजनं त्या शब्दावर सही केली. मी त्या काळात म्हमाणेबद्दल चांगलंही बोललो असेन.

याच सुमारास मंद्रूपचा लेख सापडला.

एका ठिकाणी प्रात्यक्षिक दाखवताना गंमत म्हणून मी माझ्या गावाचं नाव शोधात टाकलं. सोलापूरकडच्या आठवडे बाजारांवर कुणा बाहेरच्या संशोधकानं फार पूर्वी लिहिलेला लेख वर आला. एजंटला फक्त नाव आणि चार ओळींचा गोषवारा दिसतो. पुढचं बंद. त्या गोषवाऱ्यात मंद्रूपचा बाजार होता आणि घोंगडी विकणाऱ्यांशी केलेल्या बोलण्याचा उल्लेख होता. माझ्या लहानपणी एक चष्मेवाला माणूस वही घेऊन वडिलांसमोर उकिडवा बसलेला मला आठवत होता. वडिलांनी त्याला घोंगडी विकली नाही, नुसते बोलत बसले, म्हणून आई घरी चिडली होती. वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचा धड एक फोटो नाही. आणि त्यांचे शब्द कदाचित त्या लेखात होते, आणि तो लेख मी गावोगाव विकत होतो. विकायचा अधिकार होता. उघडायचा नव्हता.

तसा मार्ग होता. करार मीच आणला होता, त्यात स्पष्ट लिहिलेलं: ग्रंथालयात येऊन बसलेल्या कुणालाही तिथल्या तिथे वाचता येईल. मी दुपारी ग्रंथालयात गेलो. खोकं नाही, बॅग नाही, हात मोकळे. लतीफभाई दारातच म्हणाला, "चिट्ठी लाए क्या साब? चिट्ठी बगैर म्हमाणेसाब घर में पानी बी नै पीते."

मी चिठ्ठी भरली. आयुष्यात पहिल्यांदा वाचणारा म्हणून काहीतरी भरलं. 'कशासाठी' या रकान्यात काय लिहावं कळेना. शेवटी 'वाचण्यासाठी' लिहिलं.

म्हमाणेच्या पुढे त्या दिवशीच्या सात-आठ चिठ्ठ्या होत्या. त्यानं माझी सगळ्यांच्या खाली ठेवली आणि मी समोर बसून पाहत राहिलो. त्यानं कपाट उघडलं. एक लिफाफा काढला. त्यावर 'डॉ. येमूल'. त्यातला कागद बघून एका बोटानं पासवर्ड दाबला, मॅडमचा लेख उतरवला, छापला, शिक्का मारला, खातं बंद केलं, कागद लिफाफ्यात, लिफाफा कपाटात. मग दुसरा लिफाफा. दुसरं नाव. पुन्हा एक बोट.

तो चाळीस जणांचा झळझळीत अहवाल, ज्याच्यावर मी माझा शब्द टांगला होता, तो सगळा एका माणसाच्या एका बोटाचा होता.

"साहेब, हे... सगळ्यांचे तुमच्याकडेच?"

"सांभाळायला दिलेत. सह्या आहेत." त्यानं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. खरंच सह्या होत्या.

"पण एकाच खात्यातून सगळं काढलं असतं तरी चाललं असतं की."

तो पहिल्यांदाच जरा दुखावल्यासारखा वाटला. "ज्याचा लेख त्याच्या नावावर नको?"

धंद्याच्या दृष्टीनं गप्प बसणंच शहाणपणाचं होतं. मग माझी चिठ्ठी वर आली. त्यानं ती वाचली. चष्मा पुसला. पुन्हा वाचली.

"विभाग लिहिलेला नाही."

"मला कुठला विभाग? मी बाहेरचा. करारात आहे, ग्रंथालयात बसलेल्या कुणालाही."

"करार कंपनीचा. चिठ्ठी आमची."

"म्हमाणेसाहेब, माझ्या बापाविषयी असंल त्यात. एकदा वाचू द्या. हितंच बसून वाचतो, नेत नाही."

त्याचं बोट क्षणभर टेबलावर थांबलं हे मी पाहिलं. मग त्यानं लाल पेन काढलं. त्याचं अक्षर सुरेख होतं, आखल्यासारखं. त्या सुरेख अक्षरात त्यानं शेवटच्या रकान्यात लिहिलं: 'अर्जदार वाचक नाही, विक्रेता.' खाली तारीख घातली आणि चिठ्ठी माझ्याकडे सरकवली.

"मी काय चोर हाय व्हय?" मी ओरडलो. वाचनकक्षातल्या पोरांनी माना वर केल्या. म्हमाणे म्हणाला, "चोर लिहिलेलं नाही."

बाहेर लतीफभाईनं मला पाणी दिलं. म्हणाला, "गुस्सा नको साब. येमूल मॅडम की सही लेव, उनके नाम से चिट्ठी डालो. शाम को मिल जाता." खरं होतं. मॅडमनी एका शब्दात सही दिली असती. पण माझ्या बापाचा लेख मी दुसऱ्याच्या नावानं मागायचा? माझं नाव काय रस्त्यावर पडलंय?

त्या चिठ्ठीनं माझी झोप नाही उडवली. माझं डोकं चालू केलं. मी कंपनीकडून दुसरा अहवाल मागवला, कुठल्या यंत्रावरून किती वापर याचा. जे मी डोळ्यांनी पाहिलं होतं ते कागदावर आलं: चाळीस माणसं, एक यंत्र. पुढच्या समितीच्या बैठकीत मी तो कागद टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. लिफाफे, कपाट, एक बोट, सगळं. म्हणालो, या गृहस्थानं तुमचे पाय बांधून ठेवलेत. माणसाला आधी लंगडा करायचा आणि मग कुबडी देतो म्हणून नमस्कार घ्यायचे, असा हा प्रकार आहे. बोलताना मला त्यात माझा तोटा दिसत होता, पण तोंड थांबत नव्हतं.

अध्यक्षांनी विचारलं, "म्हमाणे, हे खरं आहे?"

"होय."

"तुम्हाला काही सांगायचंय?"

"एकही चिठ्ठी दुसऱ्या दिवसावर गेली नाही," म्हमाणे म्हणाला.

त्या खोलीत लिफाफे देणारे निदान दहा जण बसले होते. येमूल मॅडमही होत्या. कुणी वर पाहिलं नाही. एकानं तर, "आम्हाला कल्पनाच नव्हती," असं म्हटलं. मी जिंकलो होतो आणि असं म्हणणाऱ्या त्या प्राध्यापकाच्या कानाखाली मारावीशी मला वाटली, पण तो माझं गिऱ्हाईक होता.

चिठ्ठ्या बंद झाल्या. लिफाफे ज्याचे त्याला परत गेले. म्हमाणेच्या टेबलावरचा पंखा सुरू झाला. लतीफभाई म्हणाला, पहिल्या दिवशी म्हमाणेसाब बरोबर पंख्याखाली बसून घामाघूम झाले होते.

आणि वापर संपला. अगदी नळ बंद केल्यासारखा नाही. थेंब थेंब होत गेला. कुणाचा लिफाफा हरवला. कुणी तीनदा चुकीचा पासवर्ड दाबला आणि खातं अडकलं. येमूल मॅडमचं खातं सुरू करायचा मेल विद्यापीठाच्या ज्या पत्त्यावर गेला, तो पत्ता त्यांनी कधी उघडलाच नव्हता. मी दोनदा जाऊन शिकवलं, त्या दोन्ही वेळा छान समजलं म्हणाल्या. बाकीचे मोबाइलवर जे फुकट उघडेल त्यावर भागवू लागले. पुढच्या वर्षी अहवाल आला त्यात नावं होती आणि नावांसमोर कोरी जागा होती. तीच समिती, तेच अध्यक्ष. "वापरच नाही, तर घ्यायचं कशाला?" डेटाबेस गेला. विद्यापीठ माझ्या हातातून गेलं.

म्हमाणे त्या बैठकीचं इतिवृत्त लिहीत होता. निळ्या पेनानं. त्यानं एकदा जरी मान वर करून माझ्याकडे बघून हसून घेतलं असतं, तर मला मोकळं वाटलं असतं. नाही हसला. नंतर जिन्यात लोक मला म्हणाले, म्हमाणे होते म्हणून चालत होतं हो. माझं उत्तर तेव्हाही तेच होतं आणि आजही तेच आहे: म्हमाणे होता म्हणूनच दुसरं कुणी शिकलं नाही. लोकांना हे पटत नाही.

मंद्रूपचा लेख मी शेवटी मिळवला. अभियांत्रिकी कॉलेजनं माझं नाव बाहेरचा वाचक म्हणून रीतसर घातलं, रीतसर खातं दिलं. सात पानांचा लेख. शब्दकोश घेऊन तीन दिवस वाचला. वडील त्यात दीड ओळीत आहेत. नाव नाही, 'एक घोंगडी विक्रेता' एवढंच. त्यांनी सांगितलेलं एक वाक्य आहे: पहिला भाव आपल्यासाठी नसतो, गिऱ्हाइकाला तो खाली आणायचा आनंद मिळावा म्हणून असतो. इंग्रजीत होतं, पण मला वडिलांच्या आवाजात ऐकू आलं. तो लेख मी दुकानातल्या खणात ठेवला.

म्हमाणे निवृत्त झाला. त्यानंतर काही महिन्यांनी, भर दुपारी, तो माझ्या दुकानाच्या पायरीवर उभा. तोच शर्ट. हातात प्लॅस्टिकची फाइल.

"या," मी म्हणालो. साहेब म्हणालो नाही.

तो बसला नाही. फाइलमधून त्यानं एक चिठ्ठी काढली. जुन्या सूचीपत्राची पाठ, हातानं आखलेले रकाने. नाव, डॉ. येमूल. विभागप्रमुखांची सहीसुद्धा आणलेली.

"मॅडमचा फोन आला होता. लेख पाहिजे आहे. तिथे आता मिळत नाही. तुमच्याकडे खातं आहे, असं कळलं." जरा थांबून म्हणाला, "नियमात बसत असेल तर."

म्हणजे अजून त्या बाई याला फोन करत होत्या. आणि हा निवृत्त माणूस सिटी बसनं आधी विद्यापीठात जाऊन सही घेऊन, मग उन्हातनं माझ्याकडे आला होता.

मी चिठ्ठी उलटून पाहिली. मागे कुठल्याशा पुस्तकाचं नाव होतं. माझ्या दुकानातून गेलेलं नव्हतं. तेवढं पाहून घेतलं.

मग मी खण उघडला आणि मंद्रूपचा लेख त्याच्यापुढे आपटला. "हा बघा. मिळवला मी. वाचला पण. अथपासून इतिपर्यंत."

त्यानं चष्मा लावला. पहिलं पान पाहिलं. मधली पानं न वाचता शेवटचं पान पाहिलं. पुन्हा पहिलं.

"शिक्का नाही."

"माझ्या घरच्या कागदाला शिक्का कशाला?"

"नोंद?"

"न्हाय!"

त्यानं पानांच्या कडा सारख्या केल्या आणि लेख काउंटरवर ठेवला. ठेवला कसा, तर तिथे काही ठेवलंच नाही अशा बेतानं. माझ्या डोक्यात गेलं. पेनांच्या डब्यातून मी लाल पेन उचललं आणि त्याच्या त्या शेवटच्या रकान्यात माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं: 'अर्जदार वाचक नाही; निवृत्त.' आणि चिठ्ठी त्याच्याकडे सरकवली, जशी त्यानं सरकवली होती तशी.

खरं सांगतो, तो माझा पहिला भाव होता. त्यानं नुसतं "द्या की" म्हटलं असतं, नुसता एकदा चेहरा पाडला असता, तरी मी तिथल्या तिथे छापून दिलं असतं. मी त्याच्या एका शब्दाची वाट पाहत उभा होतो.

त्यानं वाचलं. मान हलवली. "बरोबर आहे," म्हणाला. मग चिठ्ठी माझ्याकडे परत सरकवली आणि त्या रकान्याखाली बोट ठेवलं.

"तारीख राहिली, वाघमोडे."

मी तारीख घातली.

त्यानं चिठ्ठी फाइलमध्ये ठेवली, फाइलची पट्टी लावली आणि पायरी उतरला. समोर रसवंतीपाशी सावली होती. बसथांब्याची पाटी उन्हात होती. तो पाटीखाली उभा राहिला. बस येईपर्यंत तिथेच उभा होता, डोक्यावर फाइलसुद्धा धरली नाही त्यानं. बस आली आणि त्याला घेऊन गेली. हल्ली दुधनीला असतो म्हणतात.

बस वळणावर गेल्यावर मी संगणक उघडला. मॅडमचा लेख शोधायला दोन मिनिटं लागली. छापला. मला वाटलं, मॅडम फोन करतील. त्यांनी केला नाही. त्या लेखावाचून त्यांचं काही अडलं नसावं. मीही केला नाही.

आता माझ्या खणात दोन लेख आहेत, एकावर एक. शिक्का नाही, नोंद नाही. त्याच्या लेखी दोन्ही अजून आलेलेच नाहीत.